‘त्या मुलाला काय शिक्षा केली?’ हे विचारायचं का

प्रश्न: माझा मुलगा फादर-सिस्टरांच्या मिडल स्कूलमध्ये सातवीला आहे. मागच्या आठवड्यात रिसेसमध्ये एका मुलाशी धक्काबुक्की झाली, चूक दोघांची, पण माझ्याच मुलाला असेंब्लीत सगळ्यांसमोर उभं केलं आणि वर दोन दिवस डिटेन्शन. शाळेकडून मला काहीच कळवलं नाही, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसऱ्या एका आईने लिहिलं तेव्हा समजलं, मग रागात मीही तिथे बरंच लिहिलं. क्लास टीचरना विचारलं की त्या दुसऱ्या मुलाला काय शिक्षा केली, तर म्हणाल्या ते सांगता येणार नाही. आता थेट प्रिन्सिपल सिस्टरना भेटू का?
– एक आई

उत्तर: ताई, दोन गोष्टींत तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि दोन गोष्टींत नाही, मी अशाच शाळेत बरीच वर्षं सहावी ते आठवी शिकवलंय म्हणून मोकळेपणाने सांगते.

सगळ्यांसमोर उभं करणं चूकच. आणि हे आजकालचं फॅड नाही हं, डॉन बॉस्को (१८१५–१८८८) या कॅथलिक धर्मगुरूंनी इटलीतल्या तुरीनमध्ये गरीब, निराधार मुलांसोबत आयुष्य काढलं आणि १८७७ मध्ये आपली पद्धत लिहून ठेवली, त्यात स्पष्ट आहे की अगदी क्वचित प्रसंग सोडला तर मुलाला समज किंवा शिक्षा चारचौघांत द्यायची नाही, बाकीची मुलं नसताना एकट्याला बोलवून द्यायची. बारा वर्षांच्या पोराला असेंब्लीत उभं केलं की त्याच्या डोक्यात आपण काय चुकलो हे राहतच नाही, कोण कोण हसलं तेवढंच राहतं. हे शाळेला जरूर सांगा.

तुम्हाला न कळवणं हीपण शाळेचीच चूक. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतला कॅनन (म्हणजे कलम) ७९६ सांगतो की शिक्षकांनी पालकांसोबत जवळून काम करावं, त्यांचं म्हणणं मनापासून ऐकावं. पण त्याच कलमात पालकांनीही शाळेला साथ द्यावी असं आहे, म्हणून आता तुमच्या बाजूचं.

दुसऱ्या मुलाची शिक्षा. टीचर सांगत नाहीत म्हणजे काहीतरी लपवतायत असं वाटणं साहजिक आहे, मलाही आई म्हणून वाटलं असतं. पण उलटं करून बघा, तुमच्या मुलाला काय शिक्षा झाली, त्याच्या घरी काय चाललंय, तो काउन्सेलरकडे जातो का, हे टीचरने त्या दुसऱ्या आईला सांगितलेलं तुम्हाला चालेल का? नाही ना. तेव्हा तो प्रश्न सोडा आणि त्याऐवजी हे विचारा: नेमकं काय घडलं, तिथे कोण मोठं माणूस होतं, माझ्या मुलाला त्याची बाजू सांगायला मिळाली का, आणि हे परत होऊ नये म्हणून रिसेसमध्ये आता काय बदलणार. यांची उत्तरं मिळायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मुलाचंही नीट ऐका, पण एक लक्षात ठेवा, या वयाची मुलं खोटं बोलतात असं नाही, ती गोष्ट सुरूच अशा जागेपासून करतात जिथे समोरच्याने धक्का मारला. म्हणून त्याला विचारा, ‘त्याच्या आधी काय झालं होतं?’ आणि मग गप्प बसा, तो सांगेल.

ग्रुपवर लिहिलेलं शक्य असेल तर डिलीट करा, ती मुलं उद्या परत एकाच वर्गात बसणार आहेत आणि ग्रुपवरचं सगळं त्यांच्यापर्यंत पोचतं.

सिस्टरना थेट भेटू नका, निदान आधी नको. १९३१ मध्ये पोप अकरावे पायस यांनी एक तत्त्व मांडलं होतं की जे काम खालच्या पातळीवर होऊ शकतं ते वरच्यांनी आपल्याकडे ओढू नये, बऱ्याच कॅथलिक शाळांच्या तक्रारीच्या पायऱ्या याच विचाराने ठरतात, आधी क्लास टीचर, मग व्हाइस प्रिन्सिपल, मग प्रिन्सिपल. वर्षाच्या सुरुवातीला सही केलेलं हँडबुक काढून बघा, त्यात असेल (न वाचताच सही केली असेल तर आता वाचा, डिटेन्शनचे नियमही तिथेच असतात). टीचरना चार ओळी लिहा, वीस मिनिटं वेळ मागा, मुलगा काय चुकला हे आधी स्वतः मान्य करा आणि मग असेंब्लीचा विषय काढा. त्यांनी टाळलं तर पुढची पायरी आहेच.

प्रश्न: मी पहिल्याच वर्षीची क्लास टीचर आहे. एका मुलाच्या वागण्याबद्दल वडिलांना फोन केला की दुसऱ्या दिवशी तो मार खाऊन येतो असं मला वाटतंय. आता फोन करायलाच भीती वाटते, न सांगता सांभाळून घेऊ का?
– एक शिक्षिका

उत्तर: नाही, आणि हे एकटीने सांभाळायचंच नाही. शंका असली तरी पुरे, पुरावा तुम्ही शोधायचा नाही. आजच्या आज प्रिन्सिपलना आणि शाळेत मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगा, तारीख घालून जे दिसलं तेवढंच लिहून द्या. त्यांनी उडवून लावलं तर बाहेरच्या बालसुरक्षा यंत्रणेकडे तुम्ही स्वतः जाऊ शकता, काही देशांत तर शिक्षकांना ते कायद्यानेच बंधनकारक आहे. मुलाने काही सांगितलं तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ‘तुला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन’ असं म्हणा. आणि तोपर्यंत घरी तक्रारीचा फोन नको, त्याच्या वागण्याचं जे काय असेल ते शाळेतच त्याच्याशी बसून बोला.