पोरगी म्हणते, ग्रामसभांसोबत जंगलाचं काम करायचंय

पत्र: ताई, मी शहादा तालुक्यातला शेतकरी. पपई आणि कापूस करतो. मुलगी बीएस्सी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या सहलीत जंगल राखणारं बारीपाडा गाव पाहून आली, तेव्हापासून एकच धोशा: धडगावकडच्या ग्रामसभांसोबत काम करायचं. मोबाईलवर ब्राझीलचं काहीतरी दाखवते, तिथं सरकार आणि गावकरी मिळून कसं करतात ते. आम्ही म्हणतो, एमपीएससी कर. हे करिअर आहे की समाजसेवा? पोरगी आयकस नही.

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

हे करिअर आहे. पण तलाठी भरतीसारखी त्याची जाहिरात पेपरात येत नाही, म्हणून घरच्यांना ते दिसत नाही. आधी काम काय असतं ते सांगते, मग पगाराचं.

पूर्वी संयुक्त वनव्यवस्थापन होतं. जंगल वनखात्याचं, गावानं राखायचं आणि उत्पन्नातला वाटा घ्यायचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ही मांडणी बदलली. गाव पिढ्यान्‌पिढ्या जे जंगल वापरत आणि राखत आलं, त्यावर ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळू शकतो. मोह, चारोळी, तेंदू, बांबू गोळा करून विकण्याचा हक्क, आणि जंगलाचा कारभार पाहण्याचा अधिकारसुद्धा. आता गाव वाटा मागायला जात नाही, बरोबरीनं बसतं. सरकार आणि गावाची भागीदारी मी यालाच म्हणते. मात्र बरोबरीनं बसायचं तर कागद तयार लागतात, आणि घोडं तिथंच अडतं.

एका पाड्याचा दावा परत आलेला मी पाहिला आहे. ठराव होता, नकाशा होता. पण ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. त्या दिवशी बाया मोह वेचायला गेलेल्या, त्यामुळे हजेरीत त्यांचे अंगठे कमी पडले. ज्या कामासाठी हक्क मागायचा, त्याच कामाला गेल्यामुळे दावा अडला. सभा मोहाच्या दिवसांत सकाळी ठेवू नका, एवढं सांगणारं माणूस तिथं असतं तर गावाचे कित्येक महिने वाचले असते. तुमच्या मुलीला ते माणूस व्हायचं आहे.

तिचं वनस्पतिशास्त्र इथं खरंच कामाला येतं. दाव्यात पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब चालतात. देवस्थान, विहीर, स्मशान अशा जुन्या खुणा चालतात. हक्क मिळाला की ग्रामसभेच्या समितीनं जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचा असतो. कुठं चराई बंद, कुठं पाणी अडवायचं, कोणत्या झाडाची रोपं उगवत नाहीत, हे त्यात येतं. झाडं पावरा आदिवासी समाजातल्या आजीला तुमच्या मुलीपेक्षा जास्त कळतात. पण आजीचं ज्ञान प्रांताधिकारी आणि जिल्हाधिकारी ज्यांचे अध्यक्ष आहेत त्या सरकारी समित्यांना समजेल अशा भाषेत उतरवणं, हे शिकलेल्या माणसाचं काम.

ब्राझीलचं ती दाखवते ते बहुधा पाराती आणि आंग्राच्या किनाऱ्याचं असेल. मासेमारी करणारे काइसारा, गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज किलोम्बोला आणि ग्वारानी आदिवासी यांनी तिथं आपला एक मंच उभारला. त्यांच्यासोबत काम करते फिओक्रुझ, म्हणजे तिथल्या आरोग्य मंत्रालयाची संशोधन संस्था. आरोग्याची संस्था जमिनीच्या प्रश्नात कशी, असं तुम्हाला वाटेल. माणसाच्या पायाखालची जमीन आणि पिण्याचं पाणी सुरक्षित नसेल, तर नुसत्या गोळ्या वाटून भागत नाही, म्हणून. आपल्याकडंही तेच. धडगाव-अक्कलकुव्याची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा पोरांची अंगणवाडी आणि शाळा दोन्ही सुटतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झालं, उद्दिष्ट २०४७ चं आहे. पण तपासणीच्या दिवशी माणूस गावात तर पाहिजे. जंगलातून आणि रोजगार हमीतून गावातच काम मिळालं, तर आरोग्याचंही निम्मं काम होतं. असं जोडून पाहता येणारी माणसं या क्षेत्राला फार कमी मिळतात.

बारीपाड्याचं तर तिनं पाहिलंच. चैत्राम पवार एम.कॉम. होऊन गावात परतले. नव्वदच्या दशकात गावानं स्वतःचे नियम करून अकराशे एकरांच्या आसपास जंगल राखलं, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण ते स्वतःच्या गावात काम करत होते. तुमची मुलगी दुसऱ्यांच्या गावात जाणार आहे. म्हणून माझी पहिली अट: पावरी बोली शिकायची. अहिराणीवर बाजारात भागेल, ग्रामसभेत नाही.

आता शिक्षण. बीएस्सीनंतर लगेच कामाला लावू नका. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूरला केंद्र आहे, तिथं ग्रामविकास आणि नैसर्गिक संसाधनांशी जोडलेले एमए अभ्यासक्रम आहेत. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे. खर्च जास्त, पण नोकऱ्या चांगल्या. घराजवळ हवं तर जळगावला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, होते. माझं मत विचाराल तर तुळजापूर. प्रवेश परीक्षेची तारीख तिला आजच पाहायला सांगा.

एमपीएससीचा हट्ट पूर्ण सोडू नका, फक्त दिशा बदला. वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर महाराष्ट्र वनसेवेची परीक्षा देता येते. कायदा मनापासून समजलेली वनक्षेत्रपाल टेबलाच्या पलीकडं बसली असेल, तर ग्रामसभेचं अर्धं ओझं हलकं होतं. दोन्ही वाटा एकाच जंगलात जातात. एमए करतानाच तिला ठरवू द्या.

पैशाचं स्पष्ट सांगते. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या क्षेत्रातल्या ग्रामसभांसाठी मोबिलायझर, म्हणजे गावाला एकत्र आणणारे कार्यकर्ते असतात, त्यांचं मानधन तुटपुंजं असतं. तिथं शिकायला सहा महिने जा, संसार त्यावर उभा करू नका. संस्थांमधल्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्प संपेपर्यंतच्या असतात. एमएनंतर संस्थेत, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कामात (तळोदा, नंदुरबार, धुळे, यावल इथं कार्यालयं आहेत) किंवा मोठ्या कंपन्यांच्या ग्रामविकास निधीच्या कामात बऱ्या पगाराची जागा मिळू शकते. सुरुवातीला तो झेडपीच्या शिक्षकाइतका नसेल. कुणी ‘सेवा आहे’ म्हणत फुकट राबवू पाहिलं, तर तिनं नाही म्हणावं. पगार, राहण्याची सोय, प्रवासखर्च आधी लेखी घ्यावा.

आणि परीक्षा झाली की तिला मोटारसायकल शिकवा, लायसन्स काढून द्या. चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड कोसळली की एसटी बंद होते, आणि पाड्यावरची सभा एसटीसाठी थांबत नाही.