खडीवर उतरू नकोस, रस्त्यावरच चालव

तू बेळगावजवळच्या मच्छेहून उद्यमबागेतल्या कारखान्यात पहिल्या पाळीला सायकलने जातोस. मागून हॉर्न मारतात. परवा एका टेम्पोवाल्याने काच खाली करून "रस्त्याचा टॅक्स भरतोस काय?" म्हणून झापलं. आता पांढऱ्या पट्टीबाहेरच्या खडीवरूनच चालवू का, असं विचारलंयस. दोघांनी "हो, जीव महत्त्वाचा" असा सल्ला दिलाय. जीव महत्त्वाचा म्हणूनच मी नको म्हणतो.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी १९ वर्षं सायकलने गेलो आणि पुढची ११ वर्षं टेम्पो चालवला. हँडल धरून घाबरलोय आणि स्टिअरिंग धरून वैतागलोय, दोन्ही.

आधी मापं बघ. दुपदरी रस्त्याची एक लेन साधारण साडेतीन मीटरची. ट्रक २.६ मीटरपर्यंत रुंद असतो. म्हणजे उरले नव्वद सेंटिमीटर, आणि तुझं हँडलच साठ सेंटिमीटरच्या आसपास. राहिली वीत-दीड वीत जागा. ती ट्रक आणि तुझ्यात वाटायची, तुझ्यात आणि कडेत वाटायची. त्याच लेनमधून ट्रकने तुला ओलांडणं होतच नाही. त्याला उजवीकडे जावंच लागतं, आणि समोरून गाडी असेल तर थांबावं लागतं. पण तू अगदी कडेला चिकटून चाललास की पाठीमागच्याला वाटतं, बसतंय की! आणि तो घुसतो. तू कडेपासून हातभर आत असलास तर त्याला लांबूनच कळतं की बाहेर काढून घ्यावी लागणार. हॉर्न वाजेल. वाजू दे. हॉर्न वाजवणाऱ्याने तुला पाहिलेलं असतं.

खडीवर चाक गेलं की खरा घात होतो. डांबराची कड आणि खडी यात चार बोटांची पायरी असते. पुन्हा वर यायला बघितलंस की पुढचं चाक कडेला घासतं आणि तू आडवा पडतोस तो रस्त्याच्या बाजूला, चाकांपुढे. पावसाळ्यात तर खड्डा कुठला आणि डबकं कुठलं तेच कळत नाही. डबकं दिसलं तर ऐनवेळी हिसका देऊ नकोस. वीस-तीस पावलं आधी मागे बघ, उजवा हात लांब कर, मग हळूहळू आत ये. उजव्या हँडलला आरसा बसव. आमच्या वेळी आरसा लावला की पोरं हसायची. हसू देत.

टॅक्सचं बोलतो. रोड टॅक्स हा गाडीवरचा कर आहे, रस्त्याची मालकी नव्हे. गावातले रस्ते आपल्या सगळ्यांच्या घरपट्टीतून आणि सरकारी तिजोरीतून होतात, त्यात तुझ्या घरचेही पैसे आहेत. पूर्वी सायकलीलाही वर्षाचा बिल्ला घ्यावा लागायचा आणि रात्री दिवा नसला तर पोलीस धरायचे. बिल्ला गेला, हक्क गेला नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत पादचारी, सायकलस्वार, मुलं, म्हातारी माणसं यांची गाडीवाल्याने जास्त काळजी घ्यायची, असं स्पष्ट आहे. जर्मनीने २०२० साली अंतरच ठरवून दिलं: गावात सायकलीपासून दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर. आपल्या ड्रायव्हरांनी एक हात अंतर सोडलं तरी पुष्कळ जीव वाचतील.

आता टेम्पोवाल्याची बाजू, कारण ती मी भोगलीय. शहापुरात एका दुकानापुढे मी टेम्पो लावला, मागे न बघता उजवं दार उघडलं, आणि येळ्ळूरकडून येणाऱ्या दूधवाल्या आप्पांची सायकल त्यावर आपटली. दोन्ही बाजूंचे कॅन पडले. मनगट मोडलं होतं. रस्त्यावर सांडलेलं दूध उताराला वाहत होतं आणि ते एकच म्हणत होते, "रतीब आहे रे माझा, रतीब." दवाखान्याचा खर्च मी दिला, पण दीड महिना त्यांच्या पोराला शाळा सोडून रतीब घालावा लागला, तो काही मला भरून देता आला नाही. तेव्हापासून दार डाव्या हाताने उघडतो. डावा हात दाराच्या कडीकडे नेला की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. तू सायकलवर असताना उभ्या गाड्यांपासून दाराएवढी जागा सोडून चाल. आत माणूस दिसत असेल तर जास्तच.

ड्रायव्हरला आणखी एक अडचण असते ती तुला माहीत नसेल. पहाटे साडेपाचला धुक्यात, समोरच्याने डिप्पर मारला नाही, डोळे दिपलेत, आणि काळा रेनकोट घातलेला माणूस बिनदिव्याच्या सायकलवर. मला तो दिसायचाच नाही. मागे लाल दिवा लावच, शंभर-दोनशेचा काम करतो. चिखलाने माखतो तो रोज पूस. आणि पिरनवाडीपर्यंत काही पोरं राँग साइडने येतात, "समोरची गाडी दिसते" म्हणून. हिशेब कर: गाडी ६० ने, सायकल १५ ने. एकाच दिशेला असाल तर शंभर मीटर अंतर मिटायला आठ सेकंद लागतात, समोरासमोर आलात तर पाचही लागत नाहीत. पिरनवाडीला तर जांबोटी-चोर्ल्याकडची वाहतूक खानापूर रोडला मिळते. वळणाऱ्या ड्रायव्हरची नजर त्याच्याकडे येणाऱ्या गाड्यांवर असते, उलट बाजूने येणाऱ्या सायकलीकडे तो बघतच नाही.

उसाचा हंगाम सुरू झाला की डबल ट्रॉली, म्हणजे एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. तिच्या डाव्या बाजूने पुढे जायचं नाही, सिग्नलला उभी असली तरी नाही. ट्रॅक्टर डावीकडे वळला की मागची ट्रॉली त्याच्या चाकोरीतून येत नाही, आतून कापत येते. वर मोठ्याने टेप चालू असतो, तू ओरडलेलं त्याला ऐकू जात नाही. बाहेर लोंबणारी उसाची कांडी तोंडाला लागते ती वेगळीच. मागे राहा. पाच मिनिटं उशीर झाला तर सुपरवायझरला सांग, मी सांगायचो.

भांडणाचं मात्र जपून. आपल्याकडे रस्त्यावरचं भांडण दोन मिनिटांत भाषेचं होतं. कुणी नंबरप्लेटवर बेळगावचा के.ए. २२ बघतो, कुणी कोल्हापूरचा एम.एच. ०९ बघतो, चार माणसं जमतात, आणि तुला कट मारला होता ही गोष्टच बाजूला पडते. ड्रायव्हर कन्नड असेल तर कन्नडातच "स्वल्प जागा बिड्री, अण्णा" (थोडी जागा सोडा, दादा) म्हण. मी म्हणायचो, आणि बहुतेक जण हात वर करून जायचे. जो नाहीच ऐकला त्याचा नंबर लक्षात ठेव, मागे धावू नकोस.

आणि धडक बसलीच तर "काय झालं नाही" म्हणून उठून जाऊ नकोस. गाडीचा नंबर घे, ११२ ला फोन कर, जखम असेल तर १०८. गाडीवाल्याने जखमीला उपचार मिळवून देणं कायद्याने बंधनकारक आहे. सायकलवाला हा थर्ड पार्टी, त्यामुळे गाडीच्या विम्यातून भरपाई मागता येते. धडक देऊन गाडी पळाली आणि सापडली नाही तर गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास घरच्यांना २ लाख अशी सरकारी भरपाई २०२२ पासून आहे. पोलिसात नोंद नसेल तर यातलं काहीही मिळवणं कठीण.

तुझी पाळी सहाची आहे ना? मग दहा मिनिटं आधी निघ. पाळीच्या तोंडावर सगळ्या दुचाक्या आणि कंपन्यांच्या बसा एकदम रस्त्यावर येतात, त्याआधी तू गेटात असशील. सायकलीचा मागचा ब्रेक कसा आहे तेही कळव.