शेफर्डचे पिल्लू किती दणकट, किती नाजूक

पुणे

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. चार महिन्यांचे जर्मन शेफर्डचे पिल्लू सोळा किलोचे झाले, तळजाईच्या टेकडीवर तुझ्याबरोबर धावते आणि तीन मजले एका दमात चढते, तेव्हा ‘पोलिसांच्या जातीचे कुत्रे, त्याला काय होणार’ असे तू म्हणतोस. तुझ्या आईला मात्र त्याला घराबाहेर काढणेच नको वाटते. माझ्या मते तुम्ही दोघेही काळजी आणि निर्धास्तपणा यांच्या जागा चुकवता आहात.

या पिल्लाचे वजन झपाट्याने वाढते, पण लांब हाडांच्या टोकांजवळच्या ज्या कूर्चेतून हाड वाढते, ती वर्ष-दीड वर्षापर्यंत मऊच असते. म्हणून पट्ट्याला बांधून डांबरी रस्त्यावर ठरावीक वेगाने पळवणे त्याला सोसत नाही. गवतावर मोकळे सोडले की ते मनास येईल तेव्हा धावते, थांबते, लोळते, आणि तेच त्याला मानवते. नॉर्वेत लॅब्राडोर, न्यूफाउंडलँड, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या मोठ्या जातींच्या पिल्लांचा अभ्यास झाला होता. त्यात तीन महिन्यांच्या आत रोज जिने वापरणाऱ्या पिल्लांमध्ये हिप डिस्प्लासियाचे, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न घडण्याचे प्रमाण जास्त आढळले, तर त्याच वयात मोकळ्या जमिनीवर खेळलेल्यांमध्ये ते कमी आढळले. तुझ्या पिल्लाने ते वय ओलांडले असले तरी सध्या लिफ्टने जावे, आणि घरातल्या गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाकाव्यात. खुब्याचा दोष बराचसा आनुवंशिक असतो, त्यामुळे आई-बापांचे एक्स-रे झाले होते का, हे ज्यांच्याकडून पिल्लू घेतलेस त्यांना जरूर विचार.

सर्वांत मोठी चूक बहुधा ताटलीत होते. हाडे बळकट व्हावीत म्हणून दुधात कॅल्शियमची पावडर घालायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला आतड्यातून जादा कॅल्शियम अडवता येत नाही; जेवढे पोटात जाते त्यातले बरेचसे अंगात शिरते आणि हाडांची घडणच बिघडते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचे समतोल खाद्य देत असशील तर ती पावडर आजच बंद कर. गुबगुबीत पिल्लू पाहून शेजारी कौतुक करतील, तिकडे लक्ष देऊ नकोस. 48 लॅब्राडोरांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या जोडीतल्या भावंडापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले, आणि त्यांचे सांधेही उशिरा झिजले. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवताच बोटांना लागाव्यात.

आता पार्व्हो, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब आणणारा विषाणूचा आजार. तेथे दणकटपणा कामी येत नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लवकर दिलेल्या लसीला निष्प्रभ करू शकते, म्हणून शेवटची मात्रा सोळा आठवड्यांनंतर पडली आहे का, हे कार्डावरच्या तारखेवरून ताडून पाहा. तो विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. ती मात्रा राहिली असेल, तर भटकी कुत्री वावरतात तेथे त्याला तूर्त उतरवू नकोस. रहदारी, माणसे आणि गणपतीआधीचा ढोल-ताशांचा सराव कडेवरूनही दाखवता येतो. सोळा किलो कडेवर घेताना तुझीच कंबर सांभाळ. पण हे दाखवणे टाळू नकोस, कारण घरात कोंडलेले शेफर्ड पुढे भित्रे होते आणि भित्रे शेफर्ड चावते.

पुण्याच्या थंडीची किंवा खेळताना झालेल्या किरकोळ आपटण्याची चिंता आईंनी सोडून द्यावी. एप्रिलमधल्या दुपारची मात्र दोघांनीही करावी.

शेवटची गोष्ट लंगडण्याची. ही जात दुखणे लपवते. चेंडू दिसला की लंगडणारे पिल्लूही सरळ धावते, म्हणून मैदानावर पाहून काही कळत नाही. झोपेतून उठल्यावर पहिली चार पावले ते कोणता पाय हलका टेकते, ते पाहा. या वयात कधी एक, कधी दुसरा पाय दुखणे शेफर्डमध्ये आढळते आणि बहुधा आपोआप बरेही होते. परंतु एकच पाय दोन-तीन दिवस सतत हलका पडत असेल, तर घरच्या औषधपेटीतली माणसांची वेदनाशामक गोळी न देता, कारण अशा कित्येक गोळ्या कुत्र्यांना विषारी ठरतात, त्याला थेट डॉक्टरांकडे ने.

तुझा,
काका