वाचकांचे प्रश्न : बोर्ड बोलतो, पण ऐकत नाही

प्रश्न : एम्बेडेड लिनक्सचा डेव्हलपमेंट बोर्ड यूएसबी-टीटीएल अडॅप्टरने लॅपटॉपला जोडला आहे. टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी) आणि ग्राउंड अशा तीनच तारा आहेत. मिनीकॉम या सीरियल टर्मिनल प्रोग्रॅममध्ये बूटचे मेसेज स्वच्छ दिसतात, लॉगिन प्रॉम्प्टही येतो, पण काहीही टाइप केलं तरी एक अक्षर उमटत नाही. बोर्ड बिघडला आहे का?

उत्तर : बोर्डावर संशय घेण्याआधी मिनीकॉमची सेटिंग बघा. मेसेज वाचता येतात, म्हणजे बॉड रेट (डेटाचा वेग) बरोबर आहे आणि बोर्डाकडून येणारी तारही ठीक आहे. अडचण जाणाऱ्या दिशेत आहे, आणि तिथे पहिला संशय हार्डवेअर फ्लो कंट्रोलवर घ्यायचा. तो चालू असेल तर सीटीएस (क्लिअर टू सेंड) पिनवर परवानगी मिळेपर्यंत अडॅप्टर एकही बाइट सोडत नाही. तुमच्या तीन तारांत सीटीएस नाहीच, त्यामुळे अक्षरं लॅपटॉपकडेच अडकून राहतात. येणाऱ्या डेटाला ही अट लागू नाही, म्हणून सगळं सुरळीत असल्यासारखं वाटतं. कंट्रोल-ए, मग ओ दाबा, 'सीरियल पोर्ट सेटअप'मध्ये जाऊन एफ दाबा आणि ते 'नो' करा. सेटिंग सेव्ह करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा हेच.

तरीही जमलं नाही तर अडॅप्टर बोर्डापासून सोडवा आणि त्याच्याच टीएक्स-आरएक्स पिना एकमेकींना जोडा. लोकल एको (टाइप केलेलं मिनीकॉमनेच स्क्रीनवर दाखवणं) बंद ठेवून टाइप करा. अक्षरं दिसली तर अडॅप्टर आणि मिनीकॉम दोन्ही निर्दोष. मग तार बोर्डाच्या आरएक्सवरच बसली आहे ना, हे सर्किट आकृतीवरून तपासा. काही न टाइप करता मल्टिमीटरने त्या पिनवर मोजा, ३.३ व्होल्टच्या बोर्डावर जवळपास तेवढाच दाब दिसायला हवा. अडॅप्टर ५ व्होल्टचा असेल तर तो लगेच काढा. त्याने बोर्डाची आरएक्स पिन कायमची जाऊ शकते, आणि मग लक्षण नेमकं तुमच्यासारखंच दिसतं.

यानंतरची कसोटी यू-बूटची, म्हणजे लिनक्सच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरची. काउंटडाउन चालू असताना की दाबा. तो थांबला तर वायरिंगचा विषय संपला, दोष लिनक्सच्या बाजूला आहे. एसएसएचने (नेटवर्कवरून) रूट म्हणून आत जा आणि प्रॉक फाइलसिस्टममधल्या टीटीवाय फोल्डराच्या आतल्या ड्रायव्हर फोल्डरातली तुमच्या यूएआरटीची (सीरियल पोर्ट चालवणाऱ्या चिपची) फाइल वाचा. सीरियल टर्मिनलवर चारदोन कीज दाबून ती पुन्हा वाचा. आरएक्सचा आकडा हलला नाही, तर डिव्हाइस ट्रीमधलं (लिनक्सला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमधलं) पिनमक्स, म्हणजे कुठली पिन कुठल्या कामाला दिली आहे ते, बघा: टीएक्स पिन यूएआरटीला दिलेली असते आणि आरएक्स पिन जीपीआयओ (साधी इनपुट-आउटपुट पिन) म्हणून राहून गेलेली असते. आकडा वाढतो पण उत्तर नाही, तर दुसरा कुठला तरी प्रोग्रॅम तोच पोर्ट वाचतो आहे. एकाच पोर्टवर दोन गेटी (लॉगिन प्रॉम्प्ट देणारे प्रोग्रॅम) चालू असतील तर अर्धी अक्षरं एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे जातात.

प्रश्न : टाइप केलेलं नीट जातं, पण लांब कमांड पेस्ट केली की यू-बूटमध्ये मधली अक्षरं गळतात. असं का?

उत्तर : ११५२०० बॉडला एक अक्षर साधारण ८७ मायक्रोसेकंदांत येतं. १६५५० जातीच्या यूएआरटीचा फिफो (आलेली अक्षरं तात्पुरती साठवणारी जागा) १६ बाइटचा असतो, म्हणजे दीड मिलिसेकंदाच्या आत तो भरतो. यू-बूट इंटरप्टवर (अक्षर आल्याचा इशारा मिळून) नव्हे, पोलिंगवर (मधूनमधून स्वतः बघून) वाचतो. तेवढ्या वेळात तो दुसऱ्या कामात असला की पुढची अक्षरं गेलीच. मिनीकॉममध्ये कंट्रोल-ए, मग टी दाबा आणि प्रत्येक अक्षरामागे १ ते २ मिलिसेकंदांचा डिले द्या. ओळ संपल्यावर गळती होत असेल तर न्यूलाइन डिले वाढवा, कारण एन्टरनंतर यू-बूट कमांड चालवायला घेतो आणि पोर्टकडे बघतच नाही. मोठ्या स्क्रिप्टसाठी मात्र पेस्ट करत बसू नका. वाय-मोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने ती पाठवा.