इंग्रजी नव्हे, उद्दिष्टं तपासा

प्रश्न : मुलीने वनस्पतिरोगशास्त्रात पीएचडीचा प्रबंध सादर केलाय. संत्र्याच्या डिंक्या रोगावर नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपसाठी प्रपोजल लिहितेय. मराठी माध्यमामुळे इंग्रजी अगदीच साधं. जड शब्दांना जास्त ग्रँट मिळते असं वाचलं. पैसे देऊन लिहून घ्यावं, की नेट-जेआरएफ द्यायला लावावी?
– एक पालक, नागपूर

उत्तर : अख्खा प्रबंध इंग्रजीत लिहिलेल्या मुलीला घरात अजून 'मराठी माध्यमाची' म्हणून ऐकावं लागतंय, मला काळजी त्याची वाटते. लिहून घ्यायचं तिच्या मनात आहे का? पत्रात तसं कुठेच दिसत नाही.

नेट-जेआरएफ विसरा, ती पीएचडी करण्यासाठी असते; ही फेलोशिप पीएचडीनंतरची.

तुम्ही वाचलंय ते बहुधा 2019 च्या अभ्यासाबद्दल. त्यात अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेकडचे 19,569 प्रकल्प-सारांश तपासले होते. लांब सारांश, कमी प्रचलित शब्द, ठाम भाषा, तिथे रक्कम जास्त दिसली. पण अहो, ते सगळे मंजूर झालेलेच प्रकल्प होते! नाकारलेले त्यात नव्हतेच, मग शब्दांमुळे मंजुरी मिळते हे कशावरून? मोठ्या प्रकल्पाचा सारांश एरवीही लांबच होतो. घ्यायचाच तर त्यातला ठामपणा घ्या.

प्रपोजल पडतं ते उद्दिष्टांत. 'डिंक्या रोगाच्या विविध पैलूंचा सखोल अभ्यास करणे' यावर रिव्ह्यूअर काय गुण देणार? त्याऐवजी : 'काटोल तालुक्यातल्या 10 बागांत मुळांजवळच्या मातीतलं फायटोफ्थोराचं प्रमाण पावसाळ्याआधी आणि नंतर मोजणे, ट्रायकोडर्मा दिलेल्या आणि न दिलेल्या झाडांची तुलना करणे.' (फायटोफ्थोरा म्हणजे हा रोग आणणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव, ट्रायकोडर्मा म्हणजे त्याला रोखायला वापरतात ती उपयोगी बुरशी.) कुठे, किती, कधी, कशाशी तुलना, सगळं आलं. दोन वर्षांच्या कामाला अशी तीन उद्दिष्टं पुरे. सहा लिहिली की हिला कामाचा अंदाज नाही असंच वाटतं. पहिल्या अर्ध्या पानात अडचण काय, आजवर काय झालं, काय राहिलं आणि ती काय करणार हे यायला हवं. ट्रायकोडर्माचा फरक दिसलाच नाही तर पुढे काय, हेही दोन ओळींत लिहावं. बरेच जण नेमकं तेच गाळतात.

भाड्याच्या लेखकाला काटोलची माती कधी आणायची ते ठाऊक नसतं. मग तो 'अभूतपूर्व', 'क्रांतिकारी' असले शब्द भरतो आणि जाणकार रिव्ह्यूअर तिथेच सावध होतो. तिने मसुदा आधी गाइडला आणि मग प्राणिशास्त्रातल्या एखाद्या मैत्रिणीला द्यावा. मैत्रीण जिथे अडखळेल ते वाक्य तोडायचं. व्याकरण शेवटी, एका संध्याकाळी. तुम्ही तेवढे दिवस मसुदा मागू नका.