जुना वॉटर-कूल्ड गेमिंग पीसी व्हीआरसाठी अपग्रेड करताना आधी ग्राफिक्स कार्ड बदलावे की प्रोसेसर?

बहुतेक वेळा आधी ग्राफिक्स कार्ड. मात्र खरेदीपूर्वी फ्रेम-टाइम, म्हणजे एक फ्रेम (चित्र) तयार व्हायला लागणारा वेळ, अवश्य तपासावा. ९० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९० फ्रेम दाखवणाऱ्या व्हीआर हेडसेटला प्रत्येक फ्रेम सुमारे ११ मिलिसेकंदांत तयार लागते आणि ती वारंवार चुकली, तर चित्र अडखळतेच, शिवाय डोके गरगरू लागते. रिझोल्यूशन उतरवल्यावर फ्रेम-टाइम घटला तर कार्ड अपुरे पडते आहे. तो तसाच राहिला तर बहुधा प्रोसेसर, आणि मग मदरबोर्ड व रॅमही सोबत बदलण्याची तयारी ठेवावी. जुन्या कार्डाचा वॉटर-ब्लॉक (चिपवर बसवलेला, पाण्याने उष्णता ओढून घेणारा भाग) नव्यावर सहसा बसत नाही, म्हणून नवे कार्ड एअर-कूल्ड (पंख्याने थंड होणारे) घेऊन लूप, म्हणजे पाणी फिरवणारी यंत्रणा, प्रोसेसरपुरता ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. रेडिएटर धुऊन पुन्हा वापरता येतो. नळ्या व कूलंट मात्र नवेच घ्यावेत. पॉवर सप्लायची क्षमताही पाहावी.