कंपनीत कर्मचाऱ्यांच्या वादांसाठी आर्बिट्रेशन सुरू करायचंय. फेअर वाटेल आणि कोर्टातही टिकेल असा क्लॉज कसा लिहावा?

क्लॉज वकील लिहून देईल हो, त्यात काय एवढं. आर्बिट्रेटर, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणारा लवाद, कोण नेमणार ते आधी ठरवा. ह्याच्यावरूनच माझं आणि आमच्या तेव्हाच्या डायरेक्टर साहेबांचं वाजलं होतं.

मी नवी मुंबईत महापेला एका कंपनीत एचआरला होते. साहेबांनी सगळ्यांच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये घुसवलं की वाद झाला तर कंपनी नेमेल तोच आर्बिट्रेटर. मी म्हटलं हे टिकणार नाही. तर म्हणे, "फी आपण देणार, मग माणूस दुसऱ्याने का ठरवायचा?" पुढे एका सेल्स मॅनेजरचा इन्सेंटिव्ह अडवला, तो भांडायला उठला, आणि आर्बिट्रेटर म्हणून आले कोण, तर वर्षानुवर्षं आमचं टॅक्सचं काम बघणारे कन्सल्टंट! सुनावणी आमच्याच कॉन्फरन्स रूममध्ये. त्या बिचाऱ्याला गेटवर व्हिजिटर पास, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, रिसेप्शनला बसवून ठेवलेलं, आणि आर्बिट्रेटर तिकडे साहेबांच्या केबिनमध्ये जेवतायत. टार्गेट पूर्ण केल्याचे मेल दाखव म्हणाले, मेल कंपनीच्या लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप राजीनामा दिला त्याच दिवशी जमा करून घेतलेला. निकाल अर्थातच आमच्या बाजूने.

ठाणे कोर्टात तो रद्द झाला. 1996 च्या आर्बिट्रेशन कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने कलम 12(5) आणि सातवी अनुसूची आली, त्यानुसार पक्षकाराचा नोकर, कन्सल्टंट, सल्लागार आर्बिट्रेटर होऊच शकत नाही, आणि ही हरकत सोडायचीच तर वाद झाल्यानंतर लेखी सोडावी लागते, जॉइन होतानाची सही चालत नाही. 2019 ला सुप्रीम कोर्टाने पर्किन्स ईस्टमन केसमध्ये हेही सांगितलं की ज्याचा निकालात इंटरेस्ट आहे त्याने एकट्याने सोल (एकमेव) आर्बिट्रेटर नेमायचा नाही. साहेबांच्या मते हे सगळं "टेक्निकल". वकिलाची फी त्या इन्सेंटिव्हच्या वर गेली तरी टेक्निकलच!

तर नेमणूक दोघांच्या संमतीने नाहीतर बाहेरच्या संस्थेकडून, सुनावणी ऑफिसच्या बाहेर, ठाण्यातल्या माणसाला गुरुग्रामला पळवायचं नाही, त्याने मागितले ते मेल आणि कागद द्यायचे, निकालात कारणं लिहायची. फी मात्र कंपनीनेच भरावी, मी तेव्हाही हेच म्हणत होते. ग्राउंडचं भाडं तुम्ही भरलं म्हणून अंपायर तुमचा मेहुणा नसतो.

आणि हो, हे मॅनेजर लोकांपुरतंच. कायद्याने जे कामगार ठरतात त्यांचे कामगार कायद्याखालचे वाद असे खाजगी आर्बिट्रेशनला जात नाहीत, मुंबई हायकोर्टाने 2012 मध्ये किंगफिशर एअरलाइन्सच्या केसमध्ये ते स्पष्ट केलंय. लैंगिक छळाची तक्रार तर 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडेच. डेजिग्नेशन बदलून सुटका होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, माणूस प्रत्यक्षात काम काय करतो ते कोर्ट बघतं. आमच्या साहेबांनी रबाळेच्या प्लांटमध्ये तेही करून पाहिलं होतं, मशीनवरच्या ऑपरेटरला "असोसिएट मॅनेजर" केलं होतं. तो किस्सा वेगळा, कुणी विचारलं तर लिहीन.